पट्टी कोण बांधणार?

ही जखम सहसा ठरलेल्या जागी होते: घोट्याच्या जरा वर, पायाच्या आतल्या बाजूला. सुरुवात खाजेने होते. कातडी आधी तपकिरी आणि मग काळपट पडते, हाताला कडक लागते. संध्याकाळी पाऊल सुजते, पोटरीवर निळ्या नसांची वेडीवाकडी गाठोडी दिसू लागतात. असे कित्येक वर्षे चालते आणि कोणी दवाखान्यात जात नाही, कारण दुखणे सोसण्यासारखे असते आणि कामावरचा खाडा सोसण्यासारखा नसतो. मग एक दिवस पत्र्याचा कोपरा लागतो किंवा डास चावला म्हणून खाजवताना नख लागते, आणि एवढेसे खरचटलेले भरून येतच नाही. महिन्याभरात त्याची रुपयाएवढी जखम होते, वर्षभरात तळहाताएवढी. ती वाहते, तिला वास येतो. शेजारी बसणारा जरा सरकून बसू लागतो. आणि मग माणूस घराबाहेर पडणेच कमी करतो.

वैद्यकात हिला शिरांच्या बिघाडाचा व्रण म्हणतात. त्यामागच्या आजाराला बहुतेक लोक ‘व्हेरिकोज व्हेन्स’ याच नावाने ओळखतात, किंवा सरळ ‘नसा फुगल्यात’ म्हणतात. आजार कोणालाही होतो. घराण्यात असतो, वयाबरोबर वाढतो, बाळंतपणांनी वाढतो, लठ्ठपणाने वाढतो. पण फुगलेल्या नसेपासून उघड्या जखमेपर्यंतचा प्रवास प्रामुख्याने दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला येतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत मागांच्या मधल्या बोळात उभे असतात. हॉटेलातले आचारी आणि वेटर, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाया, इस्त्रीवाले, केस कापणारे, चौकातले वाहतूक पोलीस, साड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्या मुली यांचीही तीच गत. ज्याच्याकडे पैसा आणि सवड आहे, तो नसा दिसू लागल्यावरच डॉक्टर गाठतो. बाकीचे जखम झाल्यावर येतात, तीही जुनी झाल्यावर.

उभे राहण्याने नेमके काय बिघडते, हे समजून घेतल्याशिवाय उपचाराचा हिशेब लागत नाही. पायातले रक्त हृदयाकडे परत चढवायचे काम पोटरीचा स्नायू करतो. विहिरीवर मोट ओढावी तसा तो प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलतो, आणि शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर दाब असतो. धडधाकट माणूस चालू लागला की तो ३०च्या खाली उतरतो. झडपा निकामी झालेल्या पायात मात्र चालूनही तो पुरेसा उतरत नाही. हा चढलेला दाब वर्षानुवर्षे राहिला की रक्तातले द्रव्य आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. लोहाचा अंश साचून कातडी काळवंडते, खालची चरबी घट्ट होते, आणि असल्या कातडीला भरून येण्याची ताकद उरत नाही. म्हणजे जखम घोट्याला दिसत असली तरी तिचे कारण शिरेतल्या दाबात आहे. मलम कितीही भारी असले तरी ते दाबाला हात लावू शकत नाही.

दाब उतरवायचे साधन जुने आणि स्वस्त आहे. पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट पट्टी बांधायची, घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना थोडी सैल. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम आणि बंधाचे चौदा प्रकार सांगितले आहेत, तेव्हा पट्टीचे शास्त्र आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी झिंक ऑक्साइड, जिलेटिन आणि ग्लिसरीनच्या लेपात भिजवलेली पट्टी रूढ केली. ती सुकली की पायावर न ताणली जाणारे मोज्यासारखे कवच तयार होते आणि ते आठवडाभर राहते. आजही हे साहित्य कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागाला जमवता येण्यासारखे आहे.

खरी कलाटणी मिळाली ती १९८०च्या दशकाच्या शेवटी, लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात. तिथे चार थरांची पट्टी तयार झाली: आत कापूस, त्यावर क्रेप, त्यावर ताणाची पट्टी आणि वर चिकटून राहणारी शेवटची. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब पडेल आणि तो आठवडाभर टिकेल, अशी तिची रचना होती. पण माझ्या मते पट्टीपेक्षा महत्त्वाचे होते ते तिच्याभोवती उभे राहिलेले काम. परिचारिका क्रिस्टीन मोफॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम लंडनच्या वस्त्यांमध्ये पायाच्या जखमांचे खास दवाखाने सुरू केले. तिथे परिचारिकाच पाय तपासत आणि पट्टी बांधत. १९९२ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केले. पूर्वीच्या पद्धतीत १२ आठवड्यांत २२ टक्के जखमा भरत होत्या, नव्या दवाखान्यांत ६७ टक्के भरल्या. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे फरक थोडा फुगलेला असू शकतो. तरी जी जखम वर्षानुवर्षे हटत नाही म्हणून सोडून दिली जात होती, ती शिकलेल्या हाताने तीन महिन्यांत भरू शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले. १९९५ मध्ये एली लिंडसे या परिचारिकेने सफोक परगण्यात पहिला ‘लेग क्लब’ काढला. दवाखान्याबाहेर, गावच्या सार्वजनिक जागेत एकत्र बसून चहा घेत पट्टी बांधून घ्यायची. एकटे पडलेल्या माणसाला त्या तासाचा किती आधार वाटत असेल, याची कल्पना वासामुळे घरात कोंडून घेतलेल्यांच्या घरच्यांनाच येईल.

पट्टीखाली जखमेवर काय ठेवायचे, याची आपल्याकडे फार चर्चा होते आणि पैसाही तिथेच जातो. चांदीयुक्त ड्रेसिंग, फोम, जेल यांची किंमत शेकड्यांत असते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे: घट्ट पट्टी असेल तर खाली साधे, जखमेला न चिकटणारे ड्रेसिंग पुरते, महागड्याचा वेगळा फायदा खात्रीने दिसलेला नाही. या बाबतीत मुंबईला स्वतःची परंपरा आहे. १९८०च्या दशकात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीचे ड्रेसिंग वापरले, आणि पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे. हे काम भाजलेल्या आणि त्वचारोपणाच्या जखमांवरचे आहे, ते शिरांच्या व्रणाला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण न चिकटणारे आवरण स्वस्तात मिळू शकते, हे इथल्याच डॉक्टरांनी इथल्याच गरीब रुग्णांसाठी दाखवून दिले आहे.

प्रतिजैविकांचेही तेच. उघड्या जुन्या जखमेवर जिवाणू असतातच. तिच्यातला पू तपासायला दिला की काही ना काही निघते, आणि मग गोळ्यांचा एक कोर्स, दुसरा कोर्स, इंजेक्शने. आजूबाजूला लाली पसरत असेल, ताप असेल, तर प्रतिजैविक हवेच. एरवी त्याने जखम भरत नाही, खिसा तेवढा रिकामा होतो. औषधांपैकी ज्याचा पट्टीच्या जोडीने उपयोग दिसला आहे, ते पेंटॉक्सिफायलिन हे जुने औषध आहे. ते चिठ्ठीवर क्वचित दिसते.

जखम भरली तरी झडपा निकामीच राहतात, म्हणून ती पुन्हा फुटते. इथे शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो, आणि गरीब रुग्णाचा सगळ्यात मोठा गैरसमजही इथेच होतो. जाहिरातींमुळे त्याला वाटते, लेसर केले तरच बरे होणार. लेसर किंवा रेडिओलहरींनी नस आतून बंद करण्याचा खर्च खासगीत ऐकला की तो गप्प घरी जातो. म्हणून दोन चाचण्या नीट पाहाव्यात. ब्रिटनमधली ‘एस्चार’ ही ५०० रुग्णांची चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला नुसती पट्टी, दुसऱ्याला पट्टी आणि शस्त्रक्रिया. २४ आठवड्यांत दोन्ही गटांत सारख्याच, सुमारे ६५ टक्के जखमा भरल्या. पण वर्षभरात पुन्हा जखम होण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीत २८ टक्के होते आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत १२ टक्के. चार वर्षांनी ते अनुक्रमे ५६ आणि ३१ टक्के झाले. यातली शस्त्रक्रिया कोणती होती? जांघेत नस बांधून ती काढून टाकण्याची जुनी, उघडी शस्त्रक्रिया. ती जिल्हा रुग्णालयातला सामान्य शल्यचिकित्सक करू शकतो आणि करतो. दुसरी चाचणी ‘एव्रा’, २०१८ सालची, ४५० रुग्णांची. तिच्यात आधुनिक पद्धतीने नस लवकर बंद केली, तेव्हा जखम भरायचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. लवकर केलेले चांगलेच. पण लेसर परवडत नाही म्हणून काहीच न करणे याला शास्त्राचा आधार नाही.

मधला मार्ग फेसाच्या इंजेक्शनचा आहे. इटलीतले लोरेन्झो तेस्सारी यांनी दोन सिरिंजा आणि एक तीन तोंडांची कळ वापरून औषधाचा फेस करण्याची सोपी युक्ती २००० च्या सुमारास मांडली. नसेत फेस सोडला की नस चिकटून बंद होते. भूल नाही, भरती नाही. नस पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त असते, कधी पुन्हा टोचावे लागते, तरी मजुरी बुडू न देता होणारा हा उपचार आहे. अडचण नस दाखवणाऱ्या सोनोग्राफी यंत्राची, म्हणजे रंगीत डॉप्लरची. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंद लागते आणि हलते यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. महाराष्ट्रात त्या कायद्याची गरज कोणी नाकारू नये. पण त्यामुळे रंगीत डॉप्लर गावात जात नाही, गावाला डॉप्लरकडे यावे लागते, हे नियोजन करताना धरून चालले पाहिजे.

आता पैशांचे. महाराष्ट्रात गरिबांसाठी योजना नाहीत असे म्हणता येत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली आहे. २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना लागू करून संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून सगळे मोफत आहे.

तरी घोट्याची जखम या सगळ्यातून निसटते. विमा योजना भरती झालेल्या माणसासाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो आणि बाह्यरुग्ण विभागातले उपचार धरले जात नाहीत. धर्मादाय सवलतीचा हिशेबही मुख्यतः खाटांचाच आहे. ही जखम मात्र खाटेवर बरी होत नाही. ती १२ ते २४ आठवडे, दर आठवड्याला एकदा, बाह्यरुग्ण विभागात पट्टी बदलून बरी होते. नस कापायला पैसा आहे, त्यानंतरच्या पट्ट्यांना नाही. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग मोफत होते, पण तिथे गॉज, बेटाडिन आणि गोल गुंडाळलेली साधी पट्टी मिळते. घट्ट पट्टी बाहेरून आणा, म्हणतात. बाहेर मिळते ती साधी क्रेप, तीही नवख्या हाताने बांधली की संध्याकाळपर्यंत घोट्यात उतरलेली असते. शिवाय ज्याचा हिशेब कोणी धरत नाही तो खर्च वेगळाच: दर आठवड्याला एक रोज बुडतो, बसभाडे लागते, सोबत कोणी आले तर त्याचाही रोज जातो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. माझ्या मते या आजारापुरती ती आरोग्य योजनाच आहे.

ऊसतोड कामगारांचा विचार करा. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीडच्या बाईची जखम भरायला लागणारे आठवडे आणि तिचा फडातला मुक्काम जवळपास सारखाच असतो. गावच्या दवाखान्यात सुरू झालेली पट्टी कोल्हापूर-सांगलीच्या फडात कोण बदलणार? कोकणात आणि भंडारा-गोंदियात लावणीच्या दिवसांत दुसरी अडचण: पाय चिखलात, पट्टी ओली, आणि ओल्या पट्टीखाली कातडी सडते. अशा वेळी डॉक्टरने ‘पाय वर करून आराम करा’ म्हणणे म्हणजे त्या बाईला ‘उपाशी राहा’ म्हणण्यासारखेच आहे. तिथे धुऊन पुन्हा वापरता येणारी, तिची तिला बांधता येणारी पट्टी किंवा मोजा हवा. ब्रिटनच्या २०१४ सालच्या एका चाचणीत दोन थरांच्या घट्ट मोज्यांनी चार थरांच्या पट्टीइतक्याच, सुमारे ७० टक्के जखमा भरल्या. मोजे मध्येच सोडणारे जरा जास्त निघाले, आणि मराठवाड्याच्या उन्हात ते आणखी निघतील. तरी घरी घालता येणारा उपचार म्हणून त्याला पर्याय थोडे आहेत.

या लेखावरून कोणी घरच्या घरी घट्ट पट्टी बांधू नये, म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पायाची प्रत्येक जखम शिरेची नसते. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषाच्या बोटाशी झालेली, रात्री झोपू न देणारी जखम बहुधा रोहिणी (धमनी) बंद पडल्याची असते. बर्जरचा आजार तो हाच. अशा पायाला घट्ट पट्टी बांधली तर पाय गमवावा लागेल. म्हणून आधी हातात धरण्याच्या छोट्या डॉप्लरने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८च्या खाली असेल तर सावधगिरी, ०.५च्या खाली असेल तर घट्ट पट्टी नाहीच. मधुमेहात रोहिण्या कडक होऊन हा आकडा फसवा निघू शकतो, म्हणून पावलाची नाडीही हाताने चाचपावी लागते. विदर्भात घोट्याजवळची हटवादी जखम सिकलसेलची असू शकते. सिकलसेलसाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, तिच्या तपासणीत घोटे पाहण्याची सवय लागायला हवी. तळपायाची बधिर जखम कुष्ठरोगाची किंवा मधुमेहाची. हत्तीपायाचा पाय वेगळा, त्याची निगा वेगळी. आणि अनेक वर्षांच्या जखमेची कड उचलल्यासारखी, फुलकोबीसारखी दिसू लागली, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे, कारण अशा जखमेत कर्करोग होऊ शकतो. पट्टी बांधणाऱ्याला एवढे ओळखता आले पाहिजे. हे शिकवायला वर्षे लागत नाहीत.

शिकवायचे कोणाला, हा प्रश्न आपल्याकडे सुटलेला आहे असे मला वाटते, आपण फक्त ते उत्तर या जखमेला लावलेले नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून कमी शिकलेल्या गावकरी बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. कुष्ठरोगाच्या कामात रुग्ण रोज पाय भिजवणे, तेल लावणे, भेगा तपासणे स्वतःच शिकले. केरळात कासरगोडच्या उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेने हत्तीपायाच्या रुग्णांसाठी धुणे, आयुर्वेदिक उपचार, योगासने आणि पट्टी यांचा मेळ घातला, आणि पट्टी घरच्यांना शिकवली. महाराष्ट्रात आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, बरेचसे आयुर्वेद किंवा परिचर्या शिकलेले. पट्टीचा हात त्यांना लवकर बसेल.

आजार मुळात कमी करायचा तर कामाच्या जागेकडे जावे लागेल. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय देणे बंधनकारक केले होते. पण विखुरलेले छोटे यंत्रमाग कारखान्यांच्या व्याख्येतून सुटतात, आणि दुकाने वेगळ्या कायद्याखाली येतात. केरळात कोझिकोडच्या कपड्यांच्या दुकानांतल्या बायांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. आपल्याकडच्या साड्यांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये मुली अजून उभ्याच आहेत. दुकानदाराला स्टूल ठेवण्यात काही जड नाही.

तूर्त मागायचे ते साधे आहे. फुले योजनेत शिरांच्या व्रणासाठी २४ आठवड्यांचे एक बाह्यरुग्ण पॅकेज असावे: सुरुवातीची डॉप्लर, दर आठवड्याची पट्टी, मधली फेसाची सुई किंवा शस्त्रक्रिया, आणि जखम भरल्यावर मोज्यांचे दोन जोड. मोज्याचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो, म्हणून दर सहा महिन्यांनी नवा जोड, तोही योजनेतूनच. स्थलांतर करणाऱ्याच्या हातात पट्टीची नोंदवही असावी, म्हणजे फडाजवळचा दवाखाना पुढची पट्टी बांधू शकेल. उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातली एक दुपार या जखमांसाठी राखावी, बाजाराच्या दिवशीची असेल तर उत्तम, कारण त्या दिवशी लोक तालुक्याला येतातच. त्या दुपारी लागेल ती एक प्रशिक्षित परिचारिका, एक हातातला डॉप्लर, पाय धुवायला कोमट पाणी आणि पट्ट्यांचा साठा. शल्यचिकित्सकाने महिन्यातून एकदा येऊन कोणाची नस बांधायची ते ठरवले तरी पुरे.